रंगरोगण

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी नांदेडला आईकडे गेलो होतो. लॅपटॉप मुद्दाम पुण्यात ठेवला, म्हणजे हापिसचं भूत मानगुटीवर बसायला नको. दोन दिवस हाताला काम नाही. आता रिकामा सॉफ्टवेअर इंजिनियर हा फार धोकादायक प्राणी असतो. त्याला सारखं काहीतरी दुरुस्त करायचं असतं, मग ते बिघडलेलं असो वा नसो. माझी नजर स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटावर गेली.

हे कपाट तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी होतं असणार. वरच्या दारांना बारीक जाळी, म्हणजे हवा आत आणि मांजर बाहेर. त्यात दूध, तूप, विरजण, रात्रीची उरलेली भाकरी. खालची दारं भरीव लाकडाची, आत डाळी-पिठांचे डबे. आता घरात फ्रीज आहे, त्यामुळे जाळीमागे दुधाऐवजी औषधांच्या पट्ट्या आणि लाइटची बिलं असतात. रंग बदामी, पण कडेचे पोपडे निघालेले. तेलकट बोटं लागून कडीभोवती काळा डाग. मी म्हटलं, आई, याला मी मस्त नवं करून देतो.

वजिराबादेतून पॉलिशपेपर, ब्रश, प्रायमर असं सगळं आणलं. खालची दोन्ही दारं बिजागऱ्यांतून काढली, गच्चीवर नेली आणि घासायला बसलो. यूट्यूबवर सगळे तसंच सांगतात: आधी जुना रंग लाकडापर्यंत साफ करा. बदामी निघाला, खाली आकाशी लागला. तो निघाला तर खाली हिरवा. हिरव्याखाली पिवळा. पिवळ्याखाली विटकरी लाल. मला तर भलतीच मजा वाटायला लागली. एखाद्या जुन्या प्रोजेक्टचा कोड उघडावा आणि दर दहा ओळींना वेगळ्या माणसाचं हस्ताक्षर लागावं, तसं.

माझी चार वर्षांची लेक शेजारी बसून खाली पडणारी भुकटी बोटांनी गोळा करत होती. हिरवी एकीकडे, पिवळी एकीकडे. आणि गच्चीच्या फरशीवर चिमटीने रांगोळी काढत होती.

तेवढ्यात आई वाळवण उचलायला वर आली. "अरे, काय करायलास हे? कशाला खरवडायलास? जुनं काढायचं नसतं, वरून चढवायचं असतं. आपल्या घरात कुणी खरवडलं नाही कधी."

मी तिला 'सरफेस प्रिपरेशन' समजावून सांगायला लागलो. ती वाळवण घेऊन खाली गेली.

आता आधी या दारांची गोष्ट सांगतो, कारण दारं आणि कपाट ही मुळात एकाच वयाची नाहीत. कपाटाच्या बाजूंवर फक्त दोनच रंग निघाले, आकाशी आणि बदामी. दारांवर मात्र पाच. म्हणजे दारांच्या आयुष्यात असे तीन रंग होते जे कपाटाने पाहिलेच नाहीत. कारण ही दारं आधी कपाटाची नव्हतीच. ती आमच्या गावच्या घरातल्या फडताळाची होती.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. तिकडची जुनी घरं आठवून बघा. काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. आत सागवानी खांब आणि तुळया, म्हणजे 'खण'. घर किती मोठं हे खोल्यांत नाही तर खणांत मोजायचे. वर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. एवढ्या जाड भिंतीत स्वयंपाकघरातलं सामान ठेवायला वेगळं फर्निचर कशाला लागतंय? भिंतीतच पोकळी सोडायची. लहान असेल तर कोनाडा किंवा देवळी, मोठी असेल आणि तिला दारं लावली तर फडताळ. बाकी जमिनीवर उतरंड, वरून टांगलेलं शिंकाळं आणि भांड्यांची मांडणी. संपलं स्वयंपाकघर. तेव्हाचं मॉड्युलर किचनच म्हणा की. फक्त कॅबिनेट भिंतीवर नसून भिंतीच्या पोटात असायचं.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता साधारण ६.२. जगाच्या हिशेबात हा काही फार मोठा भूकंप नव्हे. पण लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. बावन्न गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसं का गेली, याची कारणं नंतर तज्ज्ञांनी तपासली. त्यात एक गोष्ट वाचून मी थबकलो होतो. भिंती मातीत रचलेल्या, दगड एकमेकांत नीट न गुंतलेले, हे तर होतंच. पण माळवदाचं ओझंही भयंकर होतं. पावसाळ्याआधी छत गळू नये म्हणून लोक जुन्या मातीवर नवी माती घालायचे. जुनी काढायची नाही, वरून चढवायची. आज्याने चढवली, बापाने चढवली, लेकाने चढवली. वीतभर होतं ते हातभर झालं. एरवी ते उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. जमीन हलली तेव्हा ते सगळं वजन खाली आलं.

आमच्या घरातली माणसं वाचली. शेजारच्या दोन घरांतली वाचली नाहीत. आमच्या भिंती ढासळल्या, पण सागवानी खणांचा सांगाडा बराचसा तसाच उभा होता. असं त्या भागात अनेक ठिकाणी दिसलं: दगड पडले आणि लाकूड उभं राहिलं. ढिगारा उपसताना फडताळाची दारं धडकी निघाली. पुढे त्या जागी सिमेंटच्या ठोकळ्यांचं नवं घर झालं. त्याच्या पातळ भिंतीत फडताळ कुठून बसणार? वडील तेव्हा नांदेडला नोकरीला होते. ते दारं टेम्पोत घालून घेऊन आले. १९९४ साली इथल्या एका सुताराने त्या दारांच्या मापाने हे कपाट केलं. म्हणजे आधी दारं आणि मग कपाट! भिंतीच्या पोटातलं फडताळ असं बाहेर येऊन चार पायांवर उभं राहिलं. आईने आल्याआल्या त्याला आकाशी रंग दिला. दारांवरचा हिरवा तिला बघवत नव्हता. का, ते मी कधी विचारलं नाही.

तर हा चौथा थर. त्याखालचे तीन गावाकडचे. ते कुठून आले?

सगळ्यात खालपासून सुरू करू. विटकरीच्याही खाली लाकूड काळपट, जवळजवळ तांब्याच्या रंगाचं आहे. ते रंगाने नाही, तेलाने झालंय. आजोबा दसऱ्याच्या आधी दारं-चौकटींना जवसाचं तेल चोळायचे, असं आई सांगते. जवस म्हणजे आपल्या चटणीतली जवस! मराठवाड्यात भाकरी आणि जवसाची चटणी याशिवाय पान हलत नाही. काळ्या जमिनीत रब्बीला हे पीक पूर्वी भरपूर व्हायचं.

आता या तेलाची गंमत ऐका. घरात शेंगदाण्याचं तेल सांडलं तर ते वर्षभर चिकटच राहतं, धूळ धरतं, पण वाळत नाही. जवसाचं तेल मात्र पातळ थरात पसरलं तर काही दिवसांत घट्ट होतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि एक चिवट कातडं तयार होतं. म्हणजे आजोबा लाकडाला नुसती चकाकी आणत नव्हते. कळत-नकळत त्यावर प्लॅस्टिकसारखा एक पापुद्रा चढवत होते. याच तेलात बारीक वाटलेली रंगीत माती घोटली की झाला ऑइलपेंट. युरोपातले चित्रकार काही शतकं हेच करत आले. आपले पेंटर लोक ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच, उकळून लवकर वाळणारं केलेलं.

आपल्या भाषेने तर हे केव्हाच नोंदवून ठेवलंय. आपण म्हणतो 'घराला रंगरोगण केलं'. यातला रोगण कोण? फारसीत 'रोगन' म्हणजे तेल किंवा तूप. रोगन जोशमधला रोगन तोच. म्हणजे रंगरोगण = रंग + तेल. अख्खा फॉर्म्युला एका शब्दात! मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दरबारी भाषेत फारसी-उर्दू चालायची. त्यामुळे हा शब्द आमच्याकडे परका कधी वाटलाच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून इंग्लंड-युरोपला जवस प्रचंड प्रमाणात जात होती. तिकडे तिचं तेल काढून रंग, वॉर्निश, लिनोलियम बनायचं. निजामाच्या राज्यातही जवस हे महत्त्वाचं गळिताचं पीक होतं. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटर गेज रेल्वे नांदेडवरून सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळ १९११ साली लातूरला पोचला. या दोन्ही रुळांवरून मराठवाड्याचं धान्य, कापूस, गळितं मुंबईच्या दिशेने जायला लागली. आणि उलट्या दिशेने काय यायचं? तयार रंगाचे डबे, विलायती. कापूस द्यायचा आणि कापड घ्यायचं हे आपण शाळेत शिकलो. जवस द्यायची आणि पेंट घ्यायचा, हे त्याच गोष्टीचं धाकटं भावंड.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदललं. परदेशातून रंग येणं अडलं. त्याच काळात, १९४२ साली, मुंबईत चार मित्रांनी रंगाचा छोटा उद्योग सुरू केला. तीच आजची एशियन पेंट्स. शहरातले मोठे वितरक या नवख्या कंपनीला उभं करत नव्हते, म्हणून तिने लहान गावं आणि लहान दुकानं धरली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी 'गट्टू' काढला, हातात ब्रश आणि बादली घेतलेला तो कपाळावर बट आलेला खट्याळ पोरगा. पत्र्याच्या डब्यावरून तो पुढची जवळपास पन्नास वर्षं सगळ्या खेड्यापाड्यांत फिरला. (जाता जाता आपल्या कामाची गोष्ट: याच कंपनीने १९७० च्या सुमारास मेनफ्रेम कम्प्युटर घेतला. कुठल्या गावाला कुठला रंग किती लागेल याचा अंदाज बांधायला. आपल्यापैकी कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.)

मॅनेजमेंटच्या वर्गात एक किस्सा नेहमी सांगतात. ग्रामीण महाराष्ट्रात पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात. त्यासाठी शेतकरी लिटरभर डबा कशाला घेईल? म्हणून या कंपनीने अगदी छोट्या डब्या काढल्या आणि त्या धडाधड खपल्या. मला हा किस्सा कॉलेजात ऐकला तेव्हा 'केस स्टडी' वाटला होता. गच्चीवर दार घासताना एकदम घरचा वाटला. आई म्हणाली होती, "पोळ्याचा रंग उरला की तुझे आजोबा फडताळाला मारायचे." त्याआधी शिंगांना हिंगूळ आणि बेगड असायचं. मग डबीतला ऑइलपेंट आला. शिंगं रंगवून डबीच्या बुडाशी राहिलेला रंग फेकायचा थोडाच? स्वयंपाकघरातलं दार हे घरातलं सगळ्यात कळकट दार. चुलीचा धूर त्यालाच, तेलाचे हातही त्यालाच. मग एका वर्षी ते पिवळं झालं, आणखी काही वर्षांनी हिरवं. घराची 'कलर स्कीम' बैलांनी ठरवली!

इथपर्यंत सगळं कसं छान चाललं होतं. दुपारी चहा पिता पिता मी फोनवर जुना पिवळा ऑइलपेंट नेमका कशाचा करायचे ते शोधत बसलो. या लेखात घालायला, दुसरं काय? आणि वाचता वाचता चहा तसाच राहिला.

तो भडक पिवळा म्हणजे बहुधा लेड क्रोमेट. शिसं. हिरवा म्हणजे तोच पिवळा अधिक निळा, म्हणजे त्यातही शिसं. पांढऱ्यासाठी पूर्वी सफेदा, म्हणजे लेड कार्बोनेट. रंग लवकर वाळावा म्हणून घालायचं औषध, तेही बऱ्याचदा शिशाचं. आपला पारंपरिक शेंदूर हासुद्धा शिशाचाच ऑक्साइड, तो तेलात कालवून लावतात, म्हणजे तोही एक ऑइलपेंटच. शिसं स्वस्त, झाकणी उत्तम, रंग टिकाऊ. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने त्याच्यासारखा मित्र नाही.

आणि मी सकाळी दोन तास ते सगळं कोरडं घासून त्याची भुकटी केली होती. माझ्या लेकीने त्याची रांगोळी काढली होती. त्याच हाताने तिने नंतर चिवडा खाल्ला होता.

शिशाबद्दल जगाला नवीन काही कळायचं बाकी आहे असं अजिबात नाही. १९०४ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी लिहून ठेवलं की तिथल्या मुलांना होणारी शिशाची विषबाधा व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांमुळे होते. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती हाताला लागते, हात तोंडात जातो. फ्रान्सने १९०९ साली इमारतींच्या रंगकामात सफेदा वापरण्याविरुद्ध कायदा केला. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्यावर करारच केला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. आपल्याकडे? पेट्रोलमधलं शिसं १ फेब्रुवारी २००० पासून गेलं, त्याची तरी चर्चा झाली. रंगाचं मात्र ऐच्छिक मानकांवर भागलं. २००७ साली टॉक्सिक्स लिंक या दिल्लीच्या संस्थेने बाजारातले रंग तपासले. पाण्यात मिसळायच्या इमल्शन रंगांत शिसं फारसं सापडलं नाही, पण बहुतेक एनॅमल नमुन्यांत ते १००० पीपीएमच्या वर निघालं. आणि स्वयंपाकघरातल्या लाकडाला आपण लावतो तो एनॅमल, म्हणजेच बोलीतला ऑइलपेंट. सक्तीचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला: घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, आणि तसं डब्यावर छापलेलं हवं.

म्हणजे माझ्या दारावरचे पाचही थर नियमाच्या आधीचे. गावाकडचे तीन सोडा, आईने १९९४ मध्ये दिलेला आकाशी आणि मीच पहिल्या पगारातून आणलेला बदामीसुद्धा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात जातं त्यातलं थोडंच अंगात मुरतं. लहान मुलांच्या अंगात त्याच्या चार-पाच पट मुरू शकतं. आणि ते जातं थेट मेंदूच्या वाढीवर. बुद्ध्यांक, लक्ष लागणं, वागणं, सगळ्यावर परिणाम. ताप नाही, पुरळ नाही, काही दिसत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालात जगातल्या साधारण ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यातली २७ कोटींहून जास्त आपल्या देशातली. त्याला कारणं अनेक आहेत: जुन्या बॅटऱ्या तोडणं, भांडी, भेसळीची हळद वगैरे. रंग हे त्यातलं एक.

खरं सांगतो, हे आकडे मी अशा अहवालांत पूर्वीही वाचले असतील. पण तेव्हा ते आकडे होते. त्या दुपारी त्यांना माझ्या लेकीची बोटं फुटली.

मी काय केलं? आधी तिला आंघोळ घातली, नखं कापली, कपडे वेगळे धुतले. गच्चीवर ओल्या फडक्याने सगळी भुकटी टिपून घेतली. केरसुणी लावली नाही, कारण झाडलं की ती उडते. फडकी पिशवीत घट्ट बांधली. आई विचारत होती, "काय झालंय सांगशील का नाही?" मी सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तरी मी म्हणले होते." बस, एवढंच. आयांना एवढंच पुरतं.

पुण्याला परतल्यावर लेकीची रक्ततपासणी केली. आकडा पाचच्या खाली आला. म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत काही करायची गरज नाही. पण शून्यही आला नाही. हे त्या सकाळचं की इतर कशाचं, ते त्या आकड्यावर लिहिलेलं नसतं. जाताना दाराची एक ढलपी बरोबर घेतली होती. घरगुती चाचणीची काडी मिळते ती मागवली. सगळे थर दिसतील असा तिरका छेद घेऊन त्यावर काडी फिरवली. थोड्या वेळाने काडी गुलाबी झाली. किती आहे ते ती सांगत नाही, आहे एवढंच सांगते. मला तेवढं पुरेसं होतं.

मग पुढच्या खेपेला कपाट रंगवलं. कारण ते अर्धवट खरवडून तसंच ठेवणं हे सगळ्यात वाईट. यावेळी उलट्या पद्धतीने:

लेक आणि आई दोन दिवस मावशीकडे. खाली प्लॅस्टिक अंथरलं, मी चांगला बारीक धुळीचा मास्क लावला. कोरडा पॉलिशपेपर नाही, ब्लोलॅम्प तर मुळीच नाही, कारण जाळलं की शिशाची वाफच होते. साबणाच्या पाण्यात बुडवलेला वॉटरपेपर, तोही फक्त पोपडे सुटलेल्या जागी, ओल्यावर ओलं. जिथे रंग घट्ट धरून होता तिथे हातही लावला नाही. खड्ड्यांत लांबी भरली, मग प्रायमर, मग ९० पीपीएमची ओळ छापलेल्या, पाण्यात मिसळायच्या एनॅमलचे दोन हात. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: बिजागऱ्या बदलल्या. जुनं दार बसून चौकटीला घासत होतं. जिथे लाकूड लाकडाला घासतं तिथे रोज थोडी भुकटी पडते, वरून कितीही सुंदर रंगवा. आतल्या फळ्यांवर पत्रा बसवला, म्हणजे डबे सरकवताना रंग सुटायला नको.

म्हणजे शेवटी आई म्हणाली तेच केलं. जुनं काढायचं नाही, वरून चढवायचं. घट्ट बसलेला शिशाचा थर नव्या थराखाली झाकून टाकणं, हा जगभर मान्य असलेला मार्ग आहे. आजोबांनी आणि आईने तो आळसाने म्हणा, काटकसरीने म्हणा, पण बरोबर पाळला होता. त्या घरात इतकी वर्षं कुणी खरवडलं नाही, म्हणून इतकी वर्षं ते शिसं दारातच राहिलं. शहाणपणा करून ते बाहेर काढणारा पहिला माणूस मी.

इथे लेख संपवला असता तर 'जुनी माणसं शहाणी' असा छान शेवट झाला असता. पण मला ते माळवद आठवतं. तिथेही नियम हाच होता, वरून चढवायचं. तोच नियम, त्याच गावात, त्याच माणसांनी, त्याच काटकसरीने पाळलेला. दारावर त्याने विष झाकलं आणि छतावर त्याने मरण रचलं. त्यामुळे नियम पाठ करून भागत नाही. आपल्या खाली काय आहे आणि त्यावर वजन किती झालंय, हे कुणीतरी मधूनमधून विचारावं लागतं. आपल्या धंद्यात जुन्या सिस्टिमवर नवे पॅच चढवतानाही हेच असतं म्हणा. सगळं उखडून नव्याने लिहिणारा जितका घातक, तितकाच खाली न बघता चढवत जाणारा. असो, वीकएंडला हापिस नको.

कपाटाचा नवा रंग पिस्ता आहे. माझा आग्रह पांढऱ्याचा होता. आई म्हणाली, "पांढरा नको. पांढऱ्या मातीचं लई बघितलंय." आता त्यावर काय बोलणार?

दारामागे, आतल्या बाजूला, मी स्केचपेनने एक चिठ्ठी लिहून चिकटवली आहे: 'खाली पाच थर आहेत, त्यांत शिसं आहे. कोरडं घासू नका. रंगवायचं तर ओलं करून, वरून.' खाली तारीख. आपल्या भाषेत कॉमेंट म्हणा. पुढच्या पिढीतला जो कोणी रिकामटेकडा इंजिनियर एखाद्या शनिवारी पॉलिशपेपर घेऊन बसेल, त्याच्यासाठी.

तुमच्या घरीही असं एखादं कपाट, खिडकी, पाळणा असेल. या दिवाळीत ते नवं करायचं मनात असेल, तर जरूर करा. फक्त घासायला बसण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, याच्या खाली काय आहे. आणि मुलांना रांगोळी अंगणात, विकतच्या पुडीतली द्या.